जोहोर बारूचं पिवळं नोझल आणि आपल्या सिंगापूरच्या गाड्या

टेब्राऊकाठ :

सिंगापुरातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा फिरून येतो. "शनिवारी जोहोर बारूला चाललोय. पंचाण्णव टाकू देणारा पंप कुठला? काही विचारत नाहीत असा सांगा." पंचाण्णव म्हणजे ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. आणि उत्तरंही येतात, लोकेशनसकट. त्या उत्तरांविरुद्ध मला बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. सिंगापूर आणि मलेशियाचं जोहोर राज्य यांच्या मध्ये एक अरुंद सामुद्रधुनी आहे. ती ओलांडायला दोन वाटा. वुडलँड्सचा कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा, १९२४ पासूनचा. तुआसकडचा दुसरा पूल १९९८ चा. रोज तीन लाखांवर माणसं या वाटांनी जा-ये करतात. त्यात सकाळी सिंगापुरात कामाला येणारे मलेशियन मोटारसायकलवाले आहेत आणि शनिवार-रविवारी किराणा, जेवण, गाडीची सर्व्हिसिंग उरकायला पलीकडे जाणारे आपल्यासारखेही आहेत.

या दोन काठांवर पेट्रोलचे भाव इतके वेगळे आहेत की कोणालाही मोह व्हावा. सिंगापूर पेट्रोलवर मुद्दाम कर लावतं. फेब्रुवारी २०२१ पासून ९२ आणि ९५ वर लिटरमागे ६६ सेंट, ९८ वर ७९ सेंट. पंपावरचा पाटीवरचा भाव अडीच डॉलरच्या वर असतो. पलीकडे मलेशियन सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये ९५ चा भाव २.०५ रिंगिटवर बांधला, तो सप्टेंबर २०२५ पर्यंत तसाच होता. बाजारात तेल कितीही चढलं तरी पंपावर भाव तोच असायचा, वरचा फरक सरकारी तिजोरीतून. सिंगापूरच्या पैशात हे साठ-सत्तर सेंट व्हायचे. म्हणजे पाव किमतीला पेट्रोल.

म्हणूनच ऑगस्ट २०१० पासून तिथे नियम आहे की परदेशी नोंदणीच्या गाडीला ९५ विकायचं नाही. ९५ चं नोझल पिवळं असतं. आपल्या गाडीने ते उचलायचं नाही, ९७ भरायचं. ९७ वर अनुदान नाही, त्याचा भाव बाजाराप्रमाणे दर आठवड्याला बदलतो. १९६१ च्या पुरवठा नियंत्रण कायद्याखाली या उल्लंघनाला जबर शिक्षा आहे. व्यक्तीला दहा लाख रिंगिटपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही, कंपनीला वीस लाखांपर्यंत दंड.

तरीही दर काही महिन्यांनी व्हिडिओ येतो. सिंगापूरची गाडी पिवळ्या नोझलला लागलेली. कोणी नंबरप्लेटवर चिकटपट्टी लावलेली, कोणी टाकीत आणखी मावावं म्हणून गाडी हलवतंय. खाली जोहोरच्या लोकांच्या शिव्या. त्या मला रास्त वाटतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ते पेट्रोल स्वस्त नाहीच. त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली आहे. ती भरणाऱ्यांत जोहोरमधला फॅक्टरी कामगार आहे, आणि तो आपल्यापेक्षा कितीतरी कमी कमावतो. रिंगिटच्या तिप्पट वजनाच्या चलनात पगार घेणाऱ्याने त्याच्या वाट्याचं उचलावं, यात हुशारी कसली? आणि नियम पाळूनही आपलं काय जातं? ९७ भरलं तरी ते सिंगापूरच्या निम्म्याहून कमी भावात पडतं. म्हणजे कायद्याने मिळणारी सवलतही घसघशीत आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. मलेशियात पंप स्वयंसेवेचे आहेत. आपण आत काउंटरवर जातो, पंपाचा नंबर सांगून पैसे देतो आणि बाहेर येऊन स्वतः भरतो. काउंटरवरची मुलगी काचेआडून बारा गाड्यांपैकी कोणती कुठली ते पाहणार. सिंगापूर आणि मलेशिया दोन्हीकडे काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, त्यात मलेशियाच्याच सबाह राज्यातल्या गाड्यांचे नंबरही सिंगापूरसारखे 'एस'नेच सुरू होतात. तिची नजर चुकली, तुम्ही पिवळं नोझल घातलंत, व्हिडिओ पसरला, तर चौकशीला अधिकारी कुठे जातात? पंपावर. इतकी वर्षं कारवाईचा रोख पंपचालकावरच राहिला. तुम्ही तोवर वुडलँड्स ओलांडून घरी पोचलेले असता. चार पैसे वाचवताना दुसऱ्याच्या नोकरीवर गदा आणतोय, याची जाणीव तरी असावी.

कृपया गटांवर असे पंप सुचवणं थांबवा. मतं वेगळी असतील तर इथे मांडा.

---

पुंगोलची_सुखदा :

भावना पोचली, पण थोडं जास्त कडक वाटलं. जोहोर बारूचा निम्मा बाजार सिंगापूरच्या डॉलरवर उभा आहे. आम्ही तिकडे जेवतो, वाणसामान घेतो, मुलांचे चष्मे करतो, टायर बदलतो. सीमेवर रस्ताशुल्क देतो. आता व्हीईपी, म्हणजे परदेशी गाडीचा प्रवेश परवानाही घ्यावा लागतो, जुलै २०२५ पासून तो नसेल तर तीनशे रिंगिट दंड. या सगळ्यातून त्यांच्या तिजोरीत भर पडतेच ना? मग थोड्या पेट्रोलवरून आम्हाला चोर ठरवणं पटत नाही.

आणि भरून भरून भरणार किती? सिंगापूर कस्टम्सचा पाऊण टाकीचा नियम आहेच. निघतानाच टाकी पाऊण भरलेली असावी लागते.

---

टेब्राऊकाठ :

सुखदाताई, पाऊण टाकीचा मुद्दा बरा काढलात. बाहेरच्या वाचकांना तो माहीत नसेल. सिंगापूरने १९८९ मध्ये आपल्याच गाड्यांना अर्धी टाकी भरूनच देश सोडायची अट घातली आणि १९९१ मध्ये ती पाऊण केली. काटा खाली दिसला तर ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडी परत फिरवावी लागते. कारण उघड आहे. सगळे पलीकडे टाकी भरू लागले तर इथला इंधनकर बुडेल आणि गाड्या कमी चालाव्यात हा हेतूही. म्हणजे एका काठाचं सरकार म्हणतं आमचा कर चुकवू नका, दुसऱ्या काठाचं म्हणतं आमचं अनुदान नेऊ नका. दोन्हीकडे रोखलं जातंय ते आपलंच वाहन.

हिशेबही करून पाहू. पन्नास लिटरची टाकी पाऊण भरून निघालात, गावात फिरलात, तर परतताना पंधरा-वीस लिटर मावेल. अनुदानाचा फरक लिटरला साठ-सत्तर सेन (शंभर सेनचा एक रिंगिट) धरला तर मलेशियाचे दहा-बारा रिंगिट गेले. एका गाडीमागे रक्कम लहान आहे, मान्य. पण मग तेवढ्यासाठी आपण पाटीला चिकटपट्टी लावायची?

तिथे जेवलो, खरेदी केली, हा मुद्दा मला लागू होतो असं वाटत नाही. त्या पैशाचं आपण जेवण घेतलं, टायर घेतला. व्यवहार तिथेच पुरा झाला.

---

मनमाडचा :

मी सिंगापूरला कधी गेलो नाही, पण अनुदानित इंधन आणि भावातला फरक म्हटलं की आमच्या गावाला वेगळंच आठवतं.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. टँकरची रांग आम्ही लहानपणापासून पाहतोय. रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल-पेट्रोल महाग. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत, तो ओळखू यावा म्हणून. तरी भेसळ चालायचीच, कारण एका टँकरमागे सुटणारा पैसा प्रचंड होता. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी रस्त्यालगत चाललेली ही भेसळ पाहिली, गाडी थांबवली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्या आठवड्यात महाराष्ट्रभरचे सरकारी कर्मचारी कामावर गेले नाहीत.

पंधरा लिटर पेट्रोल आणि तो खून एका पारड्यात घालत नाही, गैरसमज नको. पण एकाच वस्तूचे दोन भाव असले की मधल्या फटीत कोण कोण शिरतं ते आम्ही पाहिलंय. सुरुवात नेहमी "एवढ्याशाने काय होतं" अशीच असते. मलेशियातही थायलंडच्या बाजूला, केडा-पर्लिसकडे, टाक्या बदललेल्या गाड्यांमधून तेल पलीकडे जातं असं वाचलंय. तिथे माहिती असणारं कोणी आहे का इथे?

---

क्लांगखोरं :

मनमाडकर, तुम्ही लिहिलेलं वाचून काही वेळ दुसरं काही सुचलं नाही.

थायलंडच्या बाजूचं खरं आहे. बुकित कायू हितम, पडांग बेसार, केलांतानमधलं रांताऊ पांजांग या नाक्यांवर जास्तीची टाकी बसवलेली वाहनं पकडल्याच्या बातम्या नेहमीच्या. डिझेलचं तर फारच झालं होतं. म्हणून जून २०२४ मध्ये सरकारने मलेशियाच्या द्वीपकल्पी भागात डिझेलचं सरसकट अनुदान काढलं. २.१५ चं डिझेल एका रात्रीत ३.३५ झालं. मालवाहू गाड्यांना वेगळी कार्डं, शेतकरी आणि छोट्या गाडीमालकांना महिना दोनशे रिंगिट थेट. सबाह, सारावाक आणि लाबुआनमध्ये जुनाच भाव ठेवला.

आता माझी बाजू. मी क्वालालंपूरजवळ बरीच वर्षं राहते. इथे नोकरी, इथेच आयकर. गाडी मलेशियन नोंदणीची, त्यामुळे सगळी वर्षं मी अनुदानित ९५ बिनबोभाट भरलं. कोणी कधी विचारलं नाही, कारण पाहिली जायची ती गाडीची पाटी, माणूस नाही. माझ्या शेजारचा मलेशियन माणूस सिंगापुरात नोकरी करतो, तिथली गाडी चालवतो. तो जन्माने इथला, पण त्याला ९५ बंद! हा नियम पहिल्यापासून अर्धवट होता असं मला वाटतं.

३० सप्टेंबर २०२५ पासून बुडी ९५ योजना आली. मलेशियन नागरिकाने मायकाद, म्हणजे त्यांचं ओळखपत्र, पंपावर लावायचं. गाडी चालवण्याचा परवाना चालू असला की १.९९ रिंगिटने, सुरुवातीला महिन्याला ३०० लिटर. बाकीच्यांना बाजारभाव, सुरुवातीला तो २.६० होता. लाल कार्डवाले कायम रहिवासीसुद्धा यातून बाहेर. परदेशी नोंदणीच्या गाड्यांना ९५ बंदी होती ती तशीच राहिली.

मला आता जास्त पैसे पडतात. कर भरते, मतदान करत नाही, अनुदानही नाही. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण हे अनुदान ज्या लोकांसाठी आहे त्यांचा पगार मी रोज ऑफिसात पाहते. आमच्याकडची सफाई करणारी बाई मोटारसायकलवर येते. तिच्या लिटरभरातला हिस्सा मी का घ्यावा?

---

अर्थबोध :

क्लांगखोरं यांनी नेमकी मेख दाखवली. अनुदान वस्तूला चिकटवलं की ती वस्तू जिथे जाईल तिथे अनुदान जातं. माणसाला दिलं की माणसाबरोबर राहतं. आपण हे गॅस सिलिंडरच्या बाबतीत केलंय. 'पहल' योजना १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली तेव्हा सिलिंडर सगळ्यांना एकाच भावाने मिळू लागलं आणि अनुदान बँक खात्यात, तेही वर्षाला बारा सिलिंडरपर्यंतच. घरगुती सिलिंडर हॉटेलात पळवण्यातला नफाच त्यामुळे आटला. मलेशियाचे ३०० लिटर आणि आपली बारा सिलिंडरं यांची बैठक सारखी आहे.

सीमेवरच्या बंदीचे दोन अलीकडचे अनुभव सांगतो, कारण दोन्हींतून वेगवेगळं दिसतं.

हंगेरीने नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोल-डिझेल ४८० फोरिंटवर बांधलं. स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, रोमेनियाच्या गाड्या रांगा लावू लागल्या. २७ मे २०२२ पासून परदेशी पाटीच्या गाड्यांना बाजारभाव लावला. युरोपीय आयोगाने जुलैत कारवाई सुरू केली, कारण संघाच्या नागरिकांत भेद करता येत नाही. पण गाडं अडलं ते दुसरीकडेच. बांधलेल्या भावात बाहेरून तेल आणणं आयातदारांना परवडेना. ६ डिसेंबर २०२२ ला मर्यादा उठवली तेव्हा पंपच्या पंप कोरडे होते. परदेशी गाड्या हाकलूनही टंचाई हटली नाही. तेल संपत होतं ते मुळात भाव खरा नसल्यामुळे.

मेक्सिकोने उलट केलं. एप्रिल २०२२ मध्ये टेक्सास, कॅलिफोर्नियाकडचे लोक सीमा ओलांडून टाक्या भरू लागले आणि तिहुआना, सिउदाद ह्वारेससारख्या शहरांत तुटवडा झाला. सरकारने पाट्या तपासत बसण्याऐवजी सीमाभागातली इंधन सवलतच आठवडाभर थांबवली. अमेरिकन थांबले, पण ह्वारेसमधल्या टॅक्सीवाल्यालाही महाग पेट्रोल घ्यावं लागलं. ज्याच्यासाठी सवलत होती त्यालाच शिक्षा.

या दोन्हींपेक्षा मलेशियाचा आताचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. मात्र टेब्राऊकाठ यांनी सगळा भार सिंगापूरच्या चालकांच्या सचोटीवर टाकलाय, त्याबद्दल थोडा मतभेद. पंधरा वर्षं सरकारनेच असा नियम ठेवला की तो मोडणं अगदी सोपं आणि पकडलं जाणं अवघड. अशा नियमाचा दोष फक्त मोडणाऱ्याचा नसतो.

---

टेब्राऊकाठ :

अर्थबोध, धोरणाबद्दल पूर्ण सहमत. पण नियम ढिला आहे म्हणून माझी जबाबदारी ढिली होत नाही. मी इथे सरकारशी बोलत नाहीये, माझ्याच गटातल्या लोकांशी बोलतोय. त्यांतले बहुतेक पुणे-मुंबईचे उच्चशिक्षित आहेत. सिंगापुरात रस्त्यावर कागदाचा कपटा टाकत नाहीत. कॉजवे ओलांडला की नियम ऐच्छिक कसा होतो?

---

दोडामार्गवरून :

इथे सगळे फार सहज बोलतायत म्हणून लिहितो. सीमेवर राहणाऱ्याची बाजूही ऐका.

आमच्याकडे पेट्रोल गोव्यात टाकायचं हे ठरलेलं. २०१२ मध्ये पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला आणि लिटरमागे अकरा रुपयांनी भाव उतरला. तेव्हा बांदा, सातार्डा, दोडामार्ग, सगळीकडच्या गाड्या पलीकडे जायच्या. आमच्या बाजूचे पंपवाले हवालदिल झाले, पण आम्हाला कोणी अडवलं नाही. एकच देश आहे, अडवणार कसं?

पण एका बाबतीत अडवलं गेलं. आमच्यासाठी मोठं इस्पितळ म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. अपघात असो, बाळंतपण अडलेलं असो, सिंधुदुर्गाची ॲम्ब्युलन्स बांबोळीलाच. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याचं म्हणणं अगदी टेब्राऊकाठ यांचंच होतं: आमच्या करदात्याच्या पैशावर बाहेरचे उपचार घेतात. दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. मी त्यात होतो. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांची माहेरं डिचोलीत, पेडण्यात. त्यांना "बाहेरच्या" म्हणणं मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

म्हणून रेषेच्या अलीकडचा तो आपला, पलीकडचा तो परका, हे ऐकलं की मी सावध होतो. रेषा आखणारे पणजीत आणि मुंबईत असतात. रेषेवर राहणारे आम्ही.

---

टेब्राऊकाठ :

दादा, हे लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. मला दोन्हींत एक फरक दिसतो, पटतो का बघा. सिंधुदुर्गात तसं इस्पितळ नव्हतं म्हणून तुम्ही बांबोळीला जात होता. गरज होती आणि दुसरा मार्ग नव्हता. सिंगापूरच्या गाडीवाल्याला पेट्रोलचा दुसरा मार्ग आहे, तोही परवडणारा. गरजू माणसाला सीमेवर अडवणं आणि सुस्थितीतल्याला दुसऱ्याच्या सवलतीपासून दूर ठेवणं, यांना मी एक मानत नाही. बांबोळीच्या प्रश्नात मी तुमच्या बाजूला उभा राहीन.

---

दोडामार्गवरून :

फरक पटला. पण नियम लिहिताना हा फरक कोणी लिहीत नाही, एवढंच माझं म्हणणं. जोहोरमध्येही अशी घरं असतीलच, भाऊ इकडे, बहीण तिकडे.

---

क्लांगखोरं :

भरपूर आहेत. १९६५ पर्यंत तर एकच देश होता.

---

गंडकपार :

काही वर्षं कामानिमित्त बिहारमध्ये होतो, रक्सौलच्या बाजूला. तिथली गंमत वेगळी. नेपाळचं सगळं तेल इंडियन ऑइलकडून जातं. २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज पाइपलाइन सुरू झाली, दक्षिण आशियातली देशांच्या सीमेपलीकडे जाणारी पहिली. तरी २०२१ मध्ये नेपाळात पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे वीसेक रुपयांनी स्वस्त होतं. सीमा उघडी, व्हिसा नाही. लोक मोटारसायकलने जाऊन टाकी भरून यायचे, कॅन बांधून आणायचे, इकडे विकायचे. त्या फेब्रुवारीत राजस्थानात श्रीगंगानगरला पेट्रोल शंभरीपार गेलं होतं.

तिथे नेपाळ सरकार अनुदान देत होतं म्हणून भाव कमी होता असं नाही. आपल्याकडचे कर जास्त होते. त्यामुळे नेपाळी करदात्याचं काही जात नव्हतं, बुडत होता तो आपला महसूल. टेब्राऊकाठ यांचा नैतिक मुद्दा तिथे तसाच्या तसा बसत नाही. कॅनमधून नेणं धोक्याचं, ते वेगळं.

---

कागलची_लेक :

आमच्या घरचा पंप आहे, राष्ट्रीय महामार्गावर. कर्नाटकात डिझेल स्वस्त असलं की ट्रकवाले आमच्यासमोरून न थांबता कोगनोळीकडे जातात, हे बाबा वर्षानुवर्षं बघत आलेत. पण मला लिहायचंय ते काउंटरवरच्या मुलीबद्दल. पहिल्या पोस्टमध्ये तिचा उल्लेख आला आणि पुढे चर्चा देशांवर गेली.

पंपावरच्या माणसाला पोलीस बनवायची सरकारांना फार सवय आहे. २०१६ मध्ये आपल्याकडे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" जाहीर केलं. हेल्मेट घालायलाच हवं, त्यात वाद नाही. पण नाही म्हणायचं कोणी? आमच्याकडच्या आठ-नऊ हजारांवर काम करणाऱ्या पोराने, समोर चौघे जण बुलेटवर असताना? राज्यभर पंपचालकांनी विरोध केला आणि निर्णय मवाळ करावा लागला. आमच्याकडे एका मुलाला त्या दिवसांत शिवीगाळ झाली, अंगावर धावून गेले. तो पुढच्या महिन्यात काम सोडून गेला.

जोहोरच्या त्या मुलीला सिंगापूरहून आलेला, इंग्रजी फाडफाड बोलणारा, तिच्या वडिलांच्या वयाचा गृहस्थ म्हणतो, "मी नेहमी इथेच भरतो, कोणी काही बोलत नाही." तिने काय करायचं? त्याने व्यवस्थापकाकडे तक्रार केली तर तीच बोलणी खाणार. पेट्रोल दिलं आणि व्हिडिओ आला तरी तीच. त्यामुळे मायकाद लावल्याशिवाय सवलतीचा भावच मिळत नाही, ही पद्धत मला सगळ्यात माणुसकीची वाटते. नाही म्हणण्याचं काम तिच्यावरून निघून यंत्रावर गेलं. उरलेल्या परदेशी गाड्यांसाठीही थेट चालकाला दंड व्हावा. पाटी दिसते, सीमेवर गाडीची नोंद होते, व्हीईपीची चिप काचेवर आहे. चालकापर्यंत पोचणं आता अवघड नाही.

---

पुंगोलची_सुखदा :

कागलताई, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. गटावर पंपाचं लोकेशन टाकणाऱ्यांत मी नाही, पण टाकलेलं वाचून गप्प बसणाऱ्यांत आहे. आता बोलेन.

तरी "चोर" हा सूर नको, यावर मी ठाम आहे. नवीन आलेल्यांना खरंच नियम माहीत नसतो. भाड्याने गाडी घेऊन पहिल्यांदा जाणारं जोडपं पिवळं नोझल दिसलं की उचलतं, कारण सिंगापुरातही ९५ च भरलेलं असतं.

---

टेब्राऊकाठ :

मान्य. मग गटाच्या वर्णनात दोन ओळी कायमच्या घालू या: सिंगापूर पाटीच्या गाडीत फक्त ९७, निघताना टाकी किमान पाऊण. सुखदाताई, तुमच्या गटाच्या तुम्ही ॲडमिन आहात ना? मजकूर मी लिहून पाठवतो.

---

नवखा_तंपिनीस :

धागा वाचला, उपयोगी आहे. एक शंका. दिवाळीत आई-बाबा येतायत. आम्ही बसने जोहोर बारूला जाऊन तिथूनच गाडी भाड्याने घेणार आणि मलाक्काला जाणार. गाडी मलेशियन पाटीची, आम्ही सगळे भारतीय पासपोर्टवाले. मग पिवळं चालतं की ९७ च?

---

क्लांगखोरं :

चालतं. बंदी परदेशी नोंदणीच्या गाडीला आहे, तुमची मलेशियन नोंदणीची असेल. फक्त तुमच्याकडे मायकाद नसल्यामुळे १.९९ चा भाव मिळणार नाही, त्या आठवड्याचा विनाअनुदान भाव पडेल, मी भरते तोच. नवे भाव बुधवारी जाहीर होतात, निघण्याआधी बघून घ्या. काउंटरवर पंपाचा नंबर आणि किती रिंगिटचं हवं ते सांगा, जास्त दिलेले पैसे टाकी भरल्यावर परत मिळतात. भाडेवाल्याने "माझं कार्ड घ्या, त्यावर स्वस्त मिळेल" असं सुचवलं तर नको म्हणा. ते लिटर त्याच्या नावावरचे आहेत.

---

नवखा_तंपिनीस :

आभारी आहे ताई. कार्डाचं खरंच एकाने सुचवलं होतं. त्याला नाही कळवतो.